स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणे हॉटेलात खाणाऱ्यांचा!

सासवडकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, की स्वादुपिंडाचा कॅन्सर हा एफसी रोडवर पिझ्झा-बर्गर खाणाऱ्यांचा आजार, भाकरी-ठेचावाल्यांना तो होत नाही. वाचून डोकं सणकलं. माझी आत्या सासवडजवळच्या वाडीत राहायची. हॉटेलची पायरी कधी चढली नाही, मटण फक्त सणासुदीला. पण मिसरी! तव्यावर तंबाखू भाजायची, डबी कमरेला, दिवसातून चार वेळा दातांना. चाळीस वर्षं. बासष्टाव्या वर्षी गेली. एका आत्यावरून मी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था बिनधुराच्या तंबाखूला तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड, तिन्हींच्या कॅन्सरचं कारण मानते. पुडीवर तोंडाचं चित्र असतं, म्हणून लोकांना तेवढंच ठाऊक.

कोथरूडचा_मध्या: मीच लिहिलं होतं. आपल्याकडे प्रमाण लाखात एक-दोन, अमेरिकेत दहाच्या वर. तिथल्या वजनाचा काहीच संबंध नाही? लठ्ठपणा, मधुमेह दोन्ही कारणांत मोडतात.

सासवडकर: मोडतात, नाही कोण म्हणतंय? पण तिथे म्हातारी माणसं जास्त, आणि हा आजार उतारवयाचा. शिवाय तिथे स्कॅन होतो. आमच्या वाडीत ‘पोटात गाठ होती’ एवढ्यावर विषय संपतो.

हडपसरची_सून: गुटखाबंदी २०१२ ला झाली, मिसरी मात्र अजून घरोघरी भाजली जाते. पण मला सासऱ्यांचं सांगायचंय. डोळे पिवळे, अंगाला खाज, पोट अजिबात दुखत नव्हतं. दीर त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेले. तीन आठवडे झाडपाला. सीटी केला तेव्हा यकृतात पसरलं होतं.

वैद्यांचा_नातू: झालं सुरू, आयुर्वेदाला नावं ठेवणं! आमच्या घरातली चार माणसं त्याच औषधाने बरी झालीत.

हडपसरची_सून: आयुर्वेदाचं नाव मी काढलंच नाही. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, श्रेय झाडपाल्याला जातं. गाठीने पित्तनलिका दाबली तर ती कशी उतरेल? तुमचे चौघे बरे झाले, माझे सासरे गेले. हिशोब कसा मांडायचा?

वैद्यांचा_नातू: आवाज चढवू नका. आधी सोनोग्राफी करावी, एवढं मान्य. पण त्या माणसाला फसवा म्हणणार नाही.

हडपसरची_सून: पहिल्याच दिवशी ‘सोनोग्राफी करून या’ म्हणाला असता, तर मीही म्हटलं नसतं.

निवृत्त_सिस्टर: भांडा, पण हेही वाचा. पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि वजन घटायला लागलं, तर नुसती गोळी वाढवून थांबू नका. कधीकधी स्वादुपिंडातल्या गाठीमुळेच साखर चढते. बिडी-सिगारेटने धोका साधारण दुप्पट. दारूने स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं सूज राहिली तर तोही धोका. केरळात तर दारू न पिणाऱ्या गरीब घरांतल्या तरुणांच्या स्वादुपिंडात खडे सापडायचे, आणि त्यांच्यात पुढे हा कॅन्सर जास्त दिसला. त्यांनी कुठला पिझ्झा खाल्ला होता?

कोथरूडचा_मध्या: बरं, ‘भाकरीवाल्यांना होत नाही’ हे वाक्य मागे घेतो. वजनाचं घेत नाही.

सासवडकर: ते घेऊही नका. माझी वहिनी, आत्याची सून, अजून मिसरी लावते. रविवारी जाणार आहे. आत्याचा विषय काढला की उठून आत जाते. कुणी घरातल्या बाईची मिसरी सोडवली असेल, तर काय बोललात ते इथे लिहा.