‘वय झालं’ म्हणून आपण काय काय सोडून देतो? तुमच्या घरचे अनुभव लिहा

मे महिना, बाहेर 45 डिग्री, कूलर फुल स्पीडवर, आणि आमची आई (वय 78) पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होती. काय करतेस गं विचारलं तर म्हणे तुरीच्या शेंगा सोलते, तुझ्या मावशीकडे पाठवायच्या आहेत. मावशीला जाऊन 9 वर्षं झाली. बोटं अगदी शेंग फोडल्यासारखी चालत होती, दाणे एका बाजूला, टरफलं दुसऱ्या बाजूला, आणि चादर रिकामी. घरात सगळे म्हणाले वय झालं, होतं असं. मी पण दोन दिवस तेच धरून बसले, ते मला अजून टोचतं.

तिसऱ्या दिवशी ती नीट जागीच होईना तेव्हा इथे नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर सोडियम (म्हणजे रक्तातला मिठाचा अंश) 116, नॉर्मल 135 ते 145 असतं. तिची बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, त्यात बीपी आहे म्हणून मीठ आम्ही जवळजवळ बंदच केलेलं, जेवण चिमणीएवढं, आणि उन्हाळा म्हणून दिवसभर साधं पाणी पाजत होतो. डॉक्टर म्हणाले हे हळूहळूच वर आणावं लागतं, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून 4 दिवस आयसीयू. पाचव्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "कूलरमधे पाणी भरलं का गं?" मी तिथेच रडायला लागले.

गोळी बदलली, आई आता तिच्या सगळ्या हिशोबांसकट जागेवर आहे. कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका हं, बीपी चढून भलतंच होऊन बसेल. पण दोन-चार दिवसांत माणूस बदललं असेल तर ते वय नाही. सोमवारी नव्हतं आणि गुरुवारी आलं, असं वय येत नाही. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

*

ताई, सेम. आमच्या सासूबाई रात्रभर ओरडायच्या, घरात चोर शिरलेत म्हणून. ताप नाही, जळजळ नाही, काहीच नाही. निघालं लघवीचं इन्फेक्शन. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं की म्हाताऱ्या माणसांत कधीकधी एवढंच लक्षण दिसतं, एकदम भ्रमिष्टासारखं वागणं. आठवड्याभरात चोर गेले. नंतर त्यांना काहीही आठवत नव्हतं आणि आम्हीही कधी सांगितलं नाही.

*

मी दिघोरीचा. आमचे बाबा बाथरूमात घसरले, डोक्याले थोडंसंच लागलं, टेंगूळ आलं, बर्फ लावला, खतम. तीन आठवड्यांनी पाहतो तर उजवा पाय ओढून चालून राहिले, शर्टाची बटनं लावता येईना, दिवसभर झोपून राहिले. शेजारचे म्हणत, ऐंशीला आले आता, अजून किती पळतील. सिटी स्कॅन केला तर कवटीच्या आत मेंदूवर रक्त साचलेलं, हळूहळू तीन आठवडे जमून राहिलं होतं. बाबाले हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, अशांना हे जास्त होते म्हणे. डोक्याले छोटी भोकं पाडून ते काळपट रक्त काढलं अन् दुसऱ्याच दिवशी बाबानं स्वतः बटनं लावली, वरून खालपर्यंत, सगळी. मी व्हिडिओ काढून ठेवला आहे.

आता बाथरूमात दोन दांड्या लावल्या, गुळगुळीत टाइल्स काढून खरबरीत टाकल्या, रात्री छोटा लाईट चालू असतो. अन् एक महत्त्वाचं, झोपेतून उठल्यावर पाय खाली सोडून एखादं मिनिट बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की बीपी खाली येते अन् चक्कर येते, बाबा पडले ते तसेच पडले होते.

*

मग उन्हाळ्यात साधं पाणी द्यायचं की नाही? आमचे आजोबा तर पाणीच पीत नाहीत.

*

द्यायचं हो दादा, नक्की द्यायचं. म्हातारपणी तहानच कमी लागते, ते मागणार नाहीत. फक्त जेवण नाही, मीठ नाही आणि वरून नुसतं पाणीच पाणी, हे आमचं चुकलं. आता आईला ताक, पन्हं, कधी आंबील, आणि बहुतेक सगळं संध्याकाळी 6 च्या आत, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. पुष्कळदा ते रात्री उठायच्या भीतीने पाणी टाळतात, आजोबांना विचारून बघा. हार्ट किंवा किडनीचं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. – धागा काढणारी

*

माझे बाबा गप्प झाले होते. रोज सकाळी अंबाझरीला ग्रुपसोबत जायचे ते बंद केलं, विचारलं तर म्हणत गुडघे. आम्हाला वाटलं आई गेल्यापासून मन लागत नाही. माझ्या मुलाच्या लक्षात आलं की आजोबा काहीही विचारलं तरी "हो हो" म्हणतात. ऐकूच येत नव्हतं त्यांना! चारचौघांत भलत्या जागी हसलो तर काय, म्हणून जाणंच सोडलं. मशीन घेतलं, पहिले पंधरा दिवस भांड्यांच्या आवाजाने चिडायचे, ते ड्रॉवरमधे जाणारच होतं, पण दोनदा जाऊन आवाज सेट करून आणला. मग एक दिवस गॅलरीत बसून म्हणाले, आपल्याकडे एवढे पोपट येतात? तीन वर्षं येत होते बाबा.

कमी ऐकू येणं हे डिमेंशियाचा (स्मृती जाण्याच्या आजाराचा) धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोजतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. चष्म्याला आपण वेळ लावत नाही, कानाला वर्षानुवर्षं लावतो.

*

मी स्वतः 73 वर्षांची, बजाजनगरात एकटी राहते, शाळेत शिकवायचे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल लिहिताय म्हणून आमच्या बाजूनेही. दवाखान्यात माझ्याकडे न बघता भाचीला विचारतात, "यांना झोप लागते का?" अहो, मला विचारा ना!

दोन वर्षांपूर्वी कमोडवरून उठताना हात टेकावे लागायचे, मी मनात म्हटलं झालं आता. फिजिओथेरपीवाल्या मुलीने खुर्ची भिंतीला टेकवली, हात छातीशी दुमडायला लावले आणि म्हणाली उठा-बसा, 30 सेकंदांत किती होतात बघू. 6 झाल्या. रोज दोन वेळा करत गेले, आता 12 होतात. त्यासोबत रात्री नुसतं दूध-पोळी खाणं सोडलं, वाटीभर घट्ट वरण किंवा पनीर असतंच. चालायला मी आधीही जायचे, पण नुसत्या चालण्याने मांडीत जोर येत नव्हता.

आणि ज्यांच्या घरी 70 च्या वरचं कोणी आहे त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं. ऐनवेळी धावपळ नको, आणि दवाखाना यादीत आहे का ते आधी विचारा.

*

सगळं वाचलं. आमच्याकडेही सगळ्या तपासण्या केल्या, बी12, थायरॉइड, सोडियम, एमआरआय, आणि मी खरंच देवाला म्हणत होतो की काहीतरी निघू दे. आईला अल्झायमर आहे, म्हणजे परत फिरणारं कारण नाही. संध्याकाळचे 5 वाजले की ती पिशवी भरते, त्यात कंगवा, एक पातळ, गॅसचा लायटर, आणि म्हणते मला घरी सोड. लक्ष्मीनगरच्या याच घरात ती 41 वर्षं राहतेय. आधी मी समजवायचो, आई हेच घर आहे, ती रडायची, मी ओरडायचो. आता पिशवी मी घेतो, तिला चप्पल घालून देतो, बगीच्याला एक चक्कर मारून त्याच फाटकातून आत येतो आणि म्हणतो, आलो गं घरी. ती हुश्श करून बसते. रोज.

आईला सांभाळायला ब्युरोकडून येणारी बाई सकाळची आहे, दुपारी कोणी टिकत नाही. भाऊ बाहेरदेशी, त्याचे फोन येतात. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर मी एकदा फोन केला होता, नीट बोलले. पण मला सल्ला नाही, दोन तास झोप पाहिजे.

*

बाळा, लक्ष्मीनगर म्हणजे माझ्या घरून पायी दहा मिनिटं. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी 2 ते 4 मी मोकळी असते. तुझ्या आईला वेणी घातलेली आवडते का, ते सांग. – बजाजनगरची काकू