क्रूझला बॅगा किती न्यायच्या? आम्ही ६ जण, इंदूरहून

रामबागवाली
नमस्कार मंडळी, डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ बुक केलीय, ४ रात्रींची. मी, हे, दोन मुलं (११ आणि ६), सासूबाई आणि सासरे. केबिन दोन, बाल्कनी नाही, नुसत्या खिडकीच्या. जाताना अवंतिका थर्ड एसी आणि येताना मुंबई-इंदूर विमान, कारण दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा आहे.

आता घरात रोज संध्याकाळी याच विषयावर वाद. ह्यांचं म्हणणं माणशी एक पाठीवरची सॅक, बस झालं. सासूबाईंनी आत्तापासून दिवाणावर साड्यांची चळत लावलीय, त्यात दोन कांजीवरम, म्हणतात जहाजावर सगळे नटून येतात आणि एकच साडी दोन फोटोंत नको. त्यात सासऱ्यांच्या गोळ्या, बीपीचं मशीन, मुलांचं पोहण्याचं सामान, आणि कुणीतरी सांगितलं की जहाजावर वजनच करत नाहीत, कितीही न्या. खरंच कितीही न्यायचं का? जे जाऊन आलेत त्यांनी सांगा प्लीज.

सुदामानगरकर
ताई, जहाजाचं नंतर बघू, तुमचा घोळ वेगळाच आहे. जाताना रेल्वे आणि येताना विमान. थर्ड एसीत माणशी ४० किलो फुकट चालतं, आणि तेही सहसा कोणी मोजत नाही. विमानात साध्या तिकिटावर १५ किलो चेक-इन, ७ किलो हातात. म्हणजे जाताना मजेत भरून नेलेलं सगळं येताना मुंबई विमानतळावर काउंटरसमोर उघडून बसावं लागणार, लोक बघतायत आणि तुम्ही ह्या बॅगेतला टॉवेल त्या बॅगेत कोंबताय. त्यामुळे परतीचं तिकीट समोर ठेवून भरा. मुलांची सीट घेतलीय म्हणजे त्यांचंही वजन मिळतं, कागदावर चेक-इनचे ९० किलो होतात, पण मिळतात म्हणून ९० भरायचे नसतात हो, ते उचलणार कोण? सासरे तर उचलणार नाहीत, मुलं आपापल्या सॅक पण अर्ध्या वाटेत तुमच्याच खांद्यावर देतील.

आणि एक, ते मोठे कडक ट्रॉलीवाले डबे रिकामेच ४-५ किलोचे असतात. १५ मधले ५ तिथेच गेले. मऊ कापडी बॅग घ्या.

पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका, ती हातातल्याच बॅगेत लागते.

छप्पनदुकान
भिया ते सगळं ठीक आहे पण शेव किती किलो नेताय ते सांगा आधी 😄

रामबागवाली
@छप्पनदुकान हसू नका, सासरे खरंच दोन किलो म्हणालेत. उसळीवर, वरणावर, सगळ्यावर लागते त्यांना. चालते का नेलेली?

अलकापुरी_बडोदे
मी बडोद्याची, पण उत्तर देते कारण आई-बाबांना घेऊन हीच ट्रिप केलीय.

खाण्याचं आधी. घरी केलेलं, डब्यातलं, ओलं असं काही बहुतेक जहाजांवर आत घेऊ देत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर सहसा अडवत नाहीत, तरी तुमच्या कंपनीचे नियम वाचून घ्या. शेवेचं छोटं पाकीट न्या, दोन किलो काय करणार, तिथे दिवसभर खाणंच चालू असतं, शाकाहारी पण, जैन पण. पोळी-भाजी गाडीतच संपवा. इस्त्री, पाणी गरम करायची कॉइल, किटली, मेणबत्ती-उदबत्ती हे सगळं काढून ठेवा, जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची असते त्यामुळे सामान स्कॅन होतं तेव्हा हेच शोधतात. सुरीसुद्धा नकोच. एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जाईलच असं नाही, एक अ‍ॅडॉप्टर आणि चार तोंडांचा यूएसबी चार्जर ठेवा, सहा जणांचे फोन म्हटल्यावर तेवढं लागेलच.

आता बॅगांचं. धक्क्यावर पोचलात की मोठ्या बॅगांना टॅग लावून तिथेच काढून घेतात, त्या थेट केबिनच्या दारात येतात पण लगेच नाही. आमच्या रात्री जेवायच्या सुमारास आल्या, तोवर आई त्याच गाडीतल्या साडीत. म्हणून एक हातातली बॅग अशी भरा की संध्याकाळपर्यंत दुसरी कुठली उघडावीच लागू नये: ओळखपत्रं, बाबांच्या सगळ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, चार्जर, मुलांचे पोहायचे कपडे (पूल समोर दिसल्यावर ती थांबणार आहेत का), प्रत्येकाचा एक जोड. इन्सुलिन वगैरे असेल तर तेही याच बॅगेत, टॅगवाल्या बॅगेत अजिबात नाही.

केबिन लहान असते. तिघं आत असताना दोन बॅगा जमिनीवर उघड्या ठेवल्या तर बाथरूमला जायला उड्या मारत जावं लागतं. कपडे कपाटात लावा आणि रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा, मऊ बॅग तिथे दाबून बसते, कडक डबा कधीकधी नाही बसत. भिंती लोखंडी असतात हे कोणी सांगत नाही! फ्रिजवर लावतो तसे लोहचुंबकाचे हुक घेऊन जा चार-पाच, टोप्या, पिशव्या, ओले कॉस्च्यूम सगळं भिंतीवर लटकतं.

लक्षद्वीपला जहाज बेटाला लागत नाही, लांब समुद्रात उभं राहतं आणि छोट्या होडीतून नेतात. होडी हलत असते, उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, खांद्याला लोंबणारी पर्स नको. पाठीवरची छोटी सॅक, त्यात टॉवेल, सनस्क्रीन, पाणी. पायात पट्ट्याच्या सँडल, पोवळ्याचे खडक पाय कापतात. आणि मुलांना आधीच बजावा, पोवळ्याचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगू शकतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर ठेवूनच चेन लावा, नाहीतर नाइटड्रेसमध्ये मुंबईत उतरायची वेळ यायची.

रामबागवाली
@अलकापुरी_बडोदे ताई किती छान सविस्तर लिहिलंत, ह्यांना वाचून दाखवलं, लोहचुंबकाचे हुक त्यांनी लगेच मागवले पण. साड्यांचं मात्र काही लिहिलं नाहीत, घरातला खरा प्रश्न तोच आहे.

मल्हारगंजची_मावशी
साड्यांचं मी सांगते. कांजीवरम घरी. भरलेल्या जरीची एक साडी किलोभर भरते, इस्त्री न्यायची नाही, तिथे प्रेसचे पैसे वेगळे आणि खाऱ्या हवेत जरीची काळजी ती निराळीच. आपल्याकडे महेश्वर हाकेच्या अंतरावर असताना काळजी कसली? महेश्वरी घड्या घालून रुमालाएवढी होते, चार मावतील तिथे एक कांजीवरम, आणि फोटोत काठ काय सुरेख दिसतो. तीन महेश्वरी, दोन-तीन ब्लाउज असे की उलटसुलट जमतील, म्हणजे प्रत्येक फोटो वेगळा. बेटावर मात्र साडी नको, त्यांना सलवार-कुर्ता घालायला लावा, होडीत निऱ्या सांभाळायच्या की तोल? डेकवर वारा एवढा असतो की पदराला पिन हवीच. आणि शाल ठेवा बरं का, जेवणाच्या हॉलमध्ये आणि थिएटरात एसी मरणाचा गार.

पूलमध्ये सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात, मोठ्यांनासुद्धा.

जहाजी_जावई
मला थोडं वेगळं वाटतं. सगळे कमी न्या कमी न्या म्हणतात, पण क्रूझ म्हणजे काही चारधाम नाही की रोज नवीन ठिकाणी बॅग उचला. एकदा कपाटात लावलं की ४ रात्री तेच घर. त्रास फक्त दोन टोकांना, मुंबई सेंट्रलला आणि विमानतळावर. मग म्हाताऱ्या माणसांना दोन जोड जास्त घेऊ द्या, मुलांना तर माणशी रोजचे दोन धराच, कारण तिथे धुवायला टाकलं तर कपड्यामागे पैसे लागतात. बाथरूममध्ये ताणायची दोरी असते बऱ्याचदा, चड्डी-बनियन सुकतात, जीन्स विसरा. कमी करायचंच तर बूट आणि जीन्स कमी करा, खरं वजन त्यांचं असतं.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सासऱ्यांची बीपीची औषधं चालू आहेत म्हणून विशेष. हातातल्या बॅगेत ठेवा, जहाज हलायला लागल्यावर शोधायची वस्तू नाही ती.

सुदामानगरकर
@जहाजी_जावई दोन टोकं म्हणालात पण मधलं तिसरं राहिलं. अवंतिका मुंबई सेंट्रलला पहाटे टाकते आणि जहाजावर दुपारशिवाय घेत नाहीत. ते सहा-सात तास बॅगांसकट सहा जण कुठे बसणार?

जहाजी_जावई
हे बरोबर बोललात, माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

रामबागवाली
बापरे, हे तर आमच्याही कोणाच्या डोक्यात नव्हतं. मग असं ठरवतेय: दोन मध्यम कापडी बॅगा, केबिनला एक, प्रत्येकी १२-१३ किलोच्या वर नाही. सासूबाईंची वेगळी छोटी ट्रॉली (तीन महेश्वरी, मंजूर झाल्या, एक कांजीवरम अजून अडून बसलीय). एक हातातली बॅग गोळ्यांची आणि कागदपत्रांची, ती माझ्याकडे. मुलांच्या पाठीवर आपापली सॅक, तीच बेटावर. शेव पाव किलो, सीलबंद. पहाटे सेंट्रलच्या क्लोक रूममध्ये बॅगा टाकून नाश्ता करू आणि मग टॅक्सीने बॅलार्ड पियर. क्लोक रूमला काही खास लागतं का?

अलकापुरी_बडोदे
प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा, आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, कुलूप नसलेली बॅग ते ठेवून घेत नाहीत. सॅकला चेन असेल तर तिलाही छोटं कुलूप, इंदूरहूनच घेऊन निघा. पहाटे पाचला स्टेशनबाहेर कुलपं शोधत फिरायला लागू नये.

छप्पनदुकान
आणि पाव किलो शेव बॅगेत ठेवू नका, हातातच ठेवा, रतलाम यायच्या आधी सासरे पाकीट फोडणार 😄