प्रति: डाइमबॅगनंतर मेटलमध्ये गिटार हिरो उरला नाही?

"डाइमबॅग डॅरेल 2004 मध्ये गेला आणि गुणगुणता येईल असा सोलो वाजवणारा उरलाच नाही", हे वरचं म्हणणं अर्धंच पटतं. पँटेरा या मेटल बँडचा गिटारिस्ट डाइमबॅग, त्याच्याबद्दल वादच नाही. पण हिरो फक्त सोलोवरच का ठरवायचा? त्याचं निम्मं मोठेपण तर उजव्या हातात, त्या रिफ्समध्ये, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गिटार-तुकड्यांमध्ये होतं!

माझं मत मेशुगा या स्वीडिश मेटल बँडच्या गिटारिस्टला, फ्रेड्रिक थोर्डेंडालला. त्याच्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही, म्हणून सांगतो. 2002 चा 'नथिंग' त्यांनी सात तारांच्या गिटारी खूप खाली ट्यून करून रेकॉर्ड केला होता. मग 2006 मध्ये त्याच अल्बमचे रिदम भाग आठ तारांच्या गिटारींवर पुन्हा वाजवून तो नव्याने काढला. दोन्ही लागोपाठ ऐका, चांगल्या हेडफोनवर. जाडी तार नुसती सैल केली की सूर डळमळतो. आठ तारांच्या गिटारीच्या लांब स्केलवर (म्हणजे तारेची लांबी जास्त असली की) ताण टिकतो आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पुढच्या कितीतरी बँडांचा आवाज इथूनच निघाला. अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स या बँडच्या टोसिन अबासीने आठ तारांवर अंगठ्याने बेससारखं वाजवून वेगळीच वाट काढली, तो दुसरा. आणि थोर्डेंडालचे सोलो? जॅझ-फ्यूजन गिटारिस्ट अ‍ॅलन होल्ड्सवर्थच्या वळणाचे, घरंगळत जाणारे. गुणगुणता येत नाहीत, खरंय. मी मेशुगाच्या 'ब्लीड' या गाण्याचा नुसता पहिला रिफ मेट्रोनोम हळू लावून तीन महिने घोटला, तेव्हा कुठे मनगट न आखडता एक मिनिट वाजवता आला. त्या तीन महिन्यांत या माणसाबद्दलचा आदर दुप्पट झाला.