थंडीच्या आत घराचं आतलं काम: तुमचे अनुभव सांगा

द्राक्षवेल
निफाडजवळ मळ्यात आम्ही दोघं भाऊ घर बांधतोय. ठेकेदार नाही. गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर सगळे सुटे लावलेत. पावसाआधी स्लॅब पडला, आता आतला गिलावा चाललाय, आणि नेमकी त्याच वेळी द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी. मजूर बागेत हवेत आणि घरातही हवेत. आमच्याकडे थंडीच्या लाटेत पारा पाचाच्याही खाली जातो, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आईला दमा आहे. जुन्या घरातला गारठा तिला सोसत नाही म्हणून थंडीआधी नव्या घरात आणायचंय, पण ओल्या भिंतीत नाही. ज्यांनी स्वतः उभं राहून घर बांधलंय त्यांनी आधी काय उरकलं, मुद्दाम मागे काय ठेवलं, सविस्तर लिहा.

गवंड्याची लेक
दादा, माझे वडील आयुष्यभर गवंडीकाम करत आले, आमचं घरही त्यांनीच बांधलं. त्यांचं पहिलं सांगणं हे की पाणी मारणं आणि भिंत वाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचे दिवस दुसऱ्यातून कापायचे नाहीत. काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखी भर असलेल्या सिमेंटला १० दिवस पाणी सांगितलंय. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसी, म्हणजे अशी राखेची भर घातलेलं सिमेंटच मिळतं, म्हणून वडील गिलाव्यालाही दहा दिवस धरतात. थंडीत सिमेंट सावकाश घट्ट होतं. त्यामुळे ते उत्तरेच्या खोल्या आणि न्हाणीघर आधी घेतात आणि गारठा पडल्यावर दुपारनंतर नवीन माल लावत नाहीत. रात्र व्हायच्या आत त्याने जीव धरायला हवा.

पाणी बंद केलं की खिडक्या दिवसभर उघड्या. मग दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर पुट्टीवाल्याला परत पाठवा, तो कितीही घाई करो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात, बुरशी धरते. दम्याच्या माणसाला तीच बुरशी बाधते. आम्ही पहिलं वर्ष नुसत्या चुन्यावर काढलं. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. पाहुण्यांनी नावं ठेवली, वडिलांनी मनावर घेतलं नाही.

घाटमाथा
पाचगणीहून. भिंतींचं ताईंनी सांगितलंच, मी लाकडाचं सांगतो. आमच्याकडे पाऊस संपला तरी हवेतला दमटपणा लगेच जात नाही. सप्टेंबरात दरवाजे फुगून चौकटीत अडकतात आणि सगळे सुताराला बोलावून कड रंधून घेतात. डिसेंबरात लाकूड आक्रसतं आणि तिथूनच बोचरा वारा आत येतो. आमचा सुतार म्हातारा होता, ऐकेचना. म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मग बघू. निम्मे दरवाजे आपोआप मोकळे झाले. उरलेले रंधले आणि लगेच सहाही बाजूंना, म्हणजे वरच्या-खालच्या कडेलाही, पॉलिश मारलं. ती कड दिसत नाही म्हणून कोरीच सोडतात, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

सातपुड्यातला मास्तर
तोरणमाळच्या बाजूला शिक्षक आहे. इथे घरकुलं लोक स्वतःच बांधतात, अख्खं घर राबतं. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) योजनेचं मूळ अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं. भिंती आणि पत्रे होईतो पैसा संपतो, आतलं काम तसंच राहतं आणि थंडी येते. पत्र्याखाली झोपणाऱ्यालाच ठाऊक, पहाटे श्वासाची वाफ पत्र्याला लागून अंथरुणावर थेंब पडतात. गेल्या खेपेला आम्ही काही घरांत आतून बांबूच्या ताट्यांचं छत बांधलं, वरून माती-शेणाचा हात फिरवला आणि पत्रा नि ताटी यांच्यामध्ये हवा खेळायला दोन्ही टोकांना फट ठेवली. बांबू इथलाच, विणणारे हात इथलेच. थेंब थांबले. पैसा कमी असेल तर रंग, फरशी सोडा, आधी छत करा. हे मी ठासून सांगतो.

सोळा अँपियर
थोडक्यात. गिलाव्याआधी गिझरची स्वतंत्र वायर, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते. गॅस गिझर बसवणार असाल तर न्हाणीघरात नकोच, बाहेर मोकळ्या हवेत. थंडीत सगळं बंद करून आंघोळ करतात आणि जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, आईंच्या खोलीत तर मुळीच नको.

उत्तरेकडचा
कॅनडात एडमंटनच्या बाहेर राहतो. आमच्या अल्बर्टा प्रांतात स्वतःचं घर स्वतः बांधायला आधी ओनर-बिल्डर म्हणून परवानगी काढावी लागते. इथे उणे तीस होतं, त्यामुळे बर्फाआधी छत, खिडक्या आणि बाहेरचं आवरण बंद करायचं. आतलं काम मग हिवाळ्यातही चालतं. भिंतीतल्या इन्शुलेशनच्या (थंडी अडवणाऱ्या थराच्या) आतल्या, उबदार बाजूला पॉलिथिन सलग लावतात. एखादी फट राहिली की घरातली दमट हवा भिंतीत शिरते, बाहेरच्या थंड फळीवर गोठते आणि वसंतात वितळून लाकूड कुजवते.

पण ओलीचा खरा त्रास ड्रायवॉलचे, म्हणजे आतल्या भिंतींच्या जिप्सम पाट्यांचे, सांधे भरताना झाला. ऊब यावी म्हणून ज्याच्याकडून काम करून घेत होतो त्याने उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर आणला. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. खोली गरम, खिडक्यांवरून पाणी वाहतंय आणि सांधे ओलेच. हीटर बाहेर काढायला लावला, अख्खं घर तापवणारी भट्टी आधी सुरू करून घेतली, हवेतला दमटपणा ओढणारा डिह्युमिडिफायर लावला. मग कुठे वाळलं. दादा, तुमच्याकडेही भिंत वाळवायला कोणी खोलीत गॅसची शेगडी पेटवू म्हणेल, त्याला नाही म्हणा. त्यापेक्षा पंखा आणि दुपारचं ऊन.

द्राक्षवेल
सगळ्यांचे आभार. रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. तीच म्हणाली, अख्ख्या घराचा हट्ट नको, दक्षिणेची एक खोली आणि न्हाणीघर पुरं करा. गवंड्याला तसं सांगितलंय. त्या खोलीत चुनाच लावणार, प्लास्टिकची परीक्षा पास झाली की. बाकी घर छाटणीनंतर. न्हाणीघराच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग कोणी स्वतः करून घेतलं असेल तर लिहा, पुढच्या आठवड्यात तेच काम आहे.