दूरसल्ल्यामुळे रुग्ण उपचारात टिकतो का?

मूळ मत :
रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रुग्ण उपचार सोडतात, ते बहुतेकदा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर पाच मिनिटांच्या तपासणीसाठी तालुक्याला जाताना दिवसाची मजुरी बुडते म्हणून. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष तपासले आहे, त्यांना त्याच आजारासाठी पुढील सहा महिन्यांत दूरसल्ला, म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला, देऊन उपचार चालू ठेवता येतात. सरकारी रुग्णालयांनी प्रत्येक जुन्या रुग्णाला ही सोय आपणहून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1 :
मी असहमत आहे. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला जोडून देतात, तेव्हा त्या वेळी जे डॉक्टर मोकळे असतील तेच पडद्यावर येतात. माझ्या आईला तीन वेळा तीन वेगळे डॉक्टर भेटले, प्रत्येकाला पायांच्या मुंग्यांची हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली आणि चौथ्यांदा ती गेलीच नाही. शिवाय तळपायाची जखम कॅमेऱ्यात दिसेल, पण बधिरपणा दिसणार नाही. त्यासाठी पायाला हातच लावावा लागतो.

मूळ लेखक :
डॉक्टर तेच असावेत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वार आणि वेळ ठरवून दिल्यास ते जमू शकते. तळपायाची तपासणी मात्र उपकेंद्रातच करता येईल, त्यासाठी तालुका गाठण्याची गरज नाही.

प्रतिसाद 2 :
दोघांच्याही बोलण्यात औषधांचा मुद्दा राहिला आहे. सल्ला फोनवर मिळाला आणि गोळ्यांसाठी एसटीने तालुक्यालाच जावे लागले, तर मजुरी वाचली कुठे? भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. घराजवळ गोळ्या देणे आणि रुग्णांची नोंद ठेवून पाठपुरावा करणे, यांवर त्यात भर होता. जो रुग्ण तारखेला येत नाही, तो स्वतःहून फोनही करत नाही, त्यामुळे फोन रुग्णालयाकडूनच गेला पाहिजे.

प्रतिसाद 1 :
हे पटते. पण तारीख चुकलेल्यांची यादी आशाताईंच्या हाती आणखी एक वही म्हणून देऊ नये. त्या कामासाठी रुग्णालयात वेगळा पगारी माणूस नेमणार असाल, तर माझा विरोध मागे घेतो.