मुद्रितशोधक मैत्रिणीचा अमृतमहोत्सव विकिस्रोतावर कसा साजरा करावा?

ओसरी यांचा प्रश्न

नमस्कार. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात जुनी, प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट नसलेली) पुस्तके तपासून वाचनीय करणारा आमचा एक लहानसा गट आहे. त्यातील एका ताईंना पुढच्या महिन्यात ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी नोकरीची सारी वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर तेच काम त्या इथे हौसेने करतात. जुन्या पुस्तकातले ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ पाहून हात शिवशिवला, तरी ते अनुस्वार काढायचे नसतात, हे आमच्यापैकी बहुतेकांना त्यांनीच शिकवले.

गटातील माणसे पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि मडगाव येथे विखुरलेली आहेत, शिवाय दोघे न्यू जर्सीला असतात, त्यामुळे एकत्र जमणे शक्य नाही. दरवर्षी व्हॉट्सॲपवर केकच्या चित्रांची रांग लागते आणि ताई दुसऱ्या दिवशीपर्यंत एकेकाचे नाव घेऊन आभार मानत बसतात. यंदा त्याऐवजी सर्वांनी मिळून एका पुस्तकाचे मुद्रितशोधन पूर्ण करावे आणि ते त्यांना वाढदिवशी भेट द्यावे, असा विचार आहे. मात्र ताई रोज सकाळी ‘अलीकडील बदल’, म्हणजे सर्वांच्या ताज्या बदलांची यादी, पाहतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्यापासून लपवावी कशी हे सुचत नाही. पुस्तक कोणते निवडावे आणि शुभेच्छा कोठे लिहाव्यात, याविषयीही अनुभवी सदस्यांनी सांगावे.

कोरीव यांचे उत्तर

गुपित ठेवण्याचा नाद सोडून द्यावा, असे माझे मत आहे. विकिस्रोतावरील प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नाव आणि वेळ यांसह नोंदला जातो, आणि ज्यांना एकेका पानावर नजर ठेवायची सवय आहे त्यांच्यापासून दहा-बारा माणसांची लगबग लपणार नाही. लपवायचेच असेल तर कारण लपवावे. ‘या महिन्यात एक पुस्तक सर्वांनी मिळून संपवू’ असे गटात उघडपणे जाहीर करावे आणि ते कोणासाठी आहे, एवढेच शेवटपर्यंत सांगू नये.

पुस्तक निवडताना आकाराचा विचार आधी करावा, कारण इथे पान एकदा वाचून काम संपत नाही. ओसीआरने (पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय साधनाने) ओढून घेतलेला मजकूर लाल खुणेने सुरू होतो, पहिल्या सदस्याने मूळ छापील पानाशी ताडून पाहिला की तो पिवळा होतो आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा वाचला की हिरवा, म्हणजे प्रमाणित होतो. स्वतः पिवळे केलेले पान स्वतःच हिरवे करण्याची मुभा प्रणाली देत नाही. म्हणजे १५० पानांचे पुस्तक घेतले तर वाचन ३०० पानांचे होते, आणि जुन्या ठशांत ‘ध’ व ‘घ’, ‘भ’ व ‘म’ यांची ओसीआरकडून इतकी अदलाबदल होते की नवख्या माणसाला एका पानाला बराच वेळ लागतो. हिरवे झालेले पुस्तक द्यायचे असेल तर जोड्या आजच लावाव्यात: एकाने पिवळे करायचे आणि त्याच्या जोडीदाराने त्याच आठवड्यात हिरवे. शेवटच्या चार दिवसांत सगळे पिवळ्यावर तुटून पडतात आणि हिरव्याला कोणी उरत नाही, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रताधिकाराकडेही नीट पाहावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. त्यामुळे १९१९ साली निवर्तलेले हरिभाऊ आपटे किंवा राम गणेश गडकरी यांच्याबाबत शंका नाही. पण प्रस्तावनेत लोक फसतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून गाणी आता मुक्त आहेत. त्याच पुस्तकाला प्रस्तावना आहे ती आचार्य अत्र्यांची. ते १९६९ मध्ये गेले, म्हणून ती २०२९ अखेरपर्यंत संरक्षित राहते आणि गाणी चढवताना वगळावी लागते. चित्रकार, संपादक आणि टीपा लिहिणारे यांचेही असेच पाहावे लागते. मी तुमच्या जागी असतो तर हरिभाऊंच्या स्फुट गोष्टींकडे वळलो असतो, कारण गोष्टी वाटून घेता येतात आणि प्रत्येकाला काहीतरी पुरे केल्याचे समाधान मिळते.

एक पान मात्र पिवळे ठेवावे आणि ते हिरवे करण्याचा मान ताईंना द्यावा.

शिळाप्रेस यांचे उत्तर

कोरीव यांचे बाकी सर्व मान्य आहे, शेवटचे वाक्य तेवढे मान्य नाही. ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रिते वाचली, त्यांच्यापुढे पंचाहत्तरीच्या दिवशी आणखी एक मुद्रित ठेवणे म्हणजे हलवायाला त्याच्याच वाढदिवशी जिलब्या तळायला बसवणे होय. त्यांना त्या दिवशी फक्त वाचू द्यावे.

त्यासाठी पुस्तक पडद्यावर न ठेवता हातात द्यावे. विकिस्रोतावरील तयार पुस्तक ईपब (ई-पुस्तक) किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. ते मोठ्या टंकात मांडून छापावे, कापडी पाठीची साधी बांधणी करून घ्यावी आणि पहिल्या कोऱ्या पानावर, कोणी कोणती गोष्ट तपासली, ते लिहावे. पुण्यातील सदस्यांपैकी कोणी हे काम अंगावर घेतले तर पाच-सहा प्रती काढणेही जड जाणार नाही. छापण्यापूर्वी एक पथ्य पाळावे: मजकुरावर आजचे शुद्धलेखन लादू नये. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्यापूर्वीच्या पुस्तकात ते तसेच राहायला हवेत. भेटीच्या पुस्तकात ‘घरांत’चे ‘घरात’ झालेले ताईंना पहिल्याच पानावर दिसेल आणि त्या सौजन्याने काही बोलणार नाहीत, हे अधिक वाईट.

कडीकोयंडा यांचे उत्तर

थोडेच लिहितो. ताईंचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि वर्ष विकीच्या कोणत्याही पानावर लिहू नका. बँकेपासून रुग्णालयापर्यंत ओळख पटवण्यासाठी जन्मतारीखच विचारतात, आणि विकीवर मजकूर नंतर काढला तरी तो जुन्या आवृत्त्यांत कोणालाही वाचता येतो. तो तिथून लपवायचा तर प्रचालकांना (विकीची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना) विनंती करावी लागते. सदस्यनामाने शुभेच्छा द्याव्यात आणि ‘अमृतमहोत्सव’ हा शब्दही टाळावा, कारण तारखेवरून दिवस कळतो आणि त्या शब्दावरून वर्षही निघते. पंचाहत्तरीचा जाहीर उल्लेख करायचाच असेल तर आधी ताईंना विचारावे.

ओसरी

सर्वांचे आभार. स्फुट गोष्टी घेण्याचे ठरले असून जोड्या लावणे सुरू केले आहे. छापील प्रतीची कल्पना सर्वांना पटली. पिवळ्या पानावरून गटात दोन तट पडले आहेत. मी शिळाप्रेस यांच्या बाजूने आहे, त्यामुळे सर्व पाने हिरवी करूनच देऊ. शुभेच्छांबद्दलचा प्रश्न अजून शिल्लक आहे. प्रत्येकाने ताईंच्या चर्चापानावर (सदस्याला निरोप लिहिण्याच्या पानावर) वेगळा संदेश लिहिला तर प्रत्येक संदेशाची सूचना ताईंना जाईल आणि पुन्हा आभारांची माळ सुरू होईल. शिवाय भारतात मध्यरात्री बारा वाजता लिहिले तर योग्य तारीख उमटेल का?

कोरीव

मध्यरात्री लिहिल्यास उमटेलच असे नाही. चार टिल्डा (~~~~) देऊन केलेल्या सहीत विकीच्या मांडणीनुसार वेळ येते. ती जागतिक प्रमाणवेळ असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि रात्री बाराच्या ठोक्याला लिहिलेल्या शुभेच्छेवर आदल्या दिवसाचे १८:३० दिसेल. पहाटे साडेपाचनंतर लिहावे. न्यू जर्सीच्या मंडळींकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, त्यामुळे त्यांनाही जागावे लागणार नाही.

संदेश एकच करावा. मजकूर आधी विकीबाहेर, गटाच्या सामायिक दस्तऐवजात जमवावा, प्रत्येकाने दोन ओळींपेक्षा अधिक लिहू नये आणि एकाने तो सकाळी चर्चापानावर चढवावा. सूचना एकदाच जाईल. मात्र इतिहासात सर्व मजकूर चढवणाऱ्याच्याच नावावर दिसेल, म्हणून संदेशाखाली प्रत्येकाचे सदस्यनाम लिहावे आणि हे सर्वांच्या संमतीने केले आहे, असे बदलाच्या सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपणात) नोंदवावे. चढवण्यापूर्वी शिळाप्रेस यांच्याकडून एकदा वाचून घ्या. वाचणाऱ्या ताई आहेत, तेव्हा त्या संदेशात ऱ्हस्वदीर्घाची चूक राहून चालणार नाही.