बोअर खोल मारलं म्हणून पाणी शुद्ध होत नाही

काळा कातळ: कालच्या धाग्यात एकानं सल्ला दिलाय, "पंचगंगा नदीचं पाणी वापरायचं सोडा, तीनशे फूट बोअर मारा, जमीन सगळं गाळून देते." वाचून राहवलं नाही. आपल्याकडं खाली बसाल्ट आहे. पाणी भेगांतनं पळतं. गाळ अडकेलही, पण विरघळलेलं मीठ आणि नायट्रेट कशात अडकणार? केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती, सिमेंट नसेल तर बोअर म्हणजे वरची घाण खाली न्यायची नळीच. शिवाय शेजारची बोअर रात्रंदिवस चालवली की दूषित पाणी तिकडं ओढलं जातं. पसरणं थांबवायचं तर आधी सांडपाण्याचे कच्चे खड्डे बुजवा, त्याच जागी उपसा करून पाणी शुद्ध करा आणि आजूबाजूचा उपसा आवरा.

शिरोळचा मळेकरी: खड्डे कुणाचे, ते सांगा की! कापड रंगवायला मीठ लागतं. सांडपाण्यावरच्या साध्या प्रक्रियेनं ते निघत नाही. माझ्या विहिरीत फुटव्हॉल्व्हवर, पंपाच्या पाइपाच्या तळाच्या झडपेवर, पांढरा थर बसतो, नखानं खरवडून निघत नाही.

मागवाला: सगळं इचलकरंजीच्या कापड धंद्यावर ढकलू नका. पाटानं पाणी पाजून पाजून शिरोळची जमीन क्षारपड झाली, ती काय आम्ही केली? ठिबक करा की! युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतंय, म्हणून उसाला ओतताय. पिकानं घेतलं नाही ते नायट्रेट होऊन खालीच जाणार.

शिरोळचा मळेकरी: ठिबक करा म्हणणं सोपं आहे. लाईट येते रात्री. दोन वाजता बॅटरी घेऊन, साप चुकवत बांधावर उभं राहून बघा एकदा!

मागवाला: आणि आम्हाला लाईट बिल काय माफ आहे?

हातकणंगलेची आई: लाईटचं भांडण दुसरीकडं करा. माझं बाळ चार महिन्यांचं होतं. बोअरचं पाणी उकळून त्यात पावडरचं दूध करत होते. डॉक्टरांनी पाणी तपासायला लावलं. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच वर निघालं. उकळल्यानं ते जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. त्या दिवशी भांडं हातात धरून मी नुसती बसून राहिले.

शिरोळचा मळेकरी: ताई, हे मला माहीत नव्हतं. यंदा माती तपासून घेतो, युरियाही हप्त्यानं देतो. पण मिठाचं काय करणार, ते मागवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.